प्रेसिडेंटचं मत दिलं की झालं का?

प्रश्न : नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी नुकतीच सिटिझन झाले. आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात की चार वर्षांनी प्रेसिडेंटसाठी मत द्यायचं, बास, आणि न्यू जर्सी तर डेमोक्रॅट्सचीच, तिथेही आपल्या मताने काय होणारे. मग बाकीच्या निवडणुकांना जायचं का? आणि सासूबाई ग्रीन कार्डवर आहेत, त्यांचं नाव नोंदवलं तर चालेल का?

उत्तर : आधी सासूबाईंचं, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. अजिबात नाही! सिटिझन नसताना फेडरल निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, ग्रीन कार्ड जाऊन देश सोडायची वेळ येऊ शकते, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथे सहसा चालत नाही. लायसन्स किंवा आयडी काढायला मोटर व्हेइकलच्या ऑफिसात जाल तेव्हा त्यांच्याबरोबर नीट थांबा, कारण तिथल्याच कामकाजातून मतदार नोंदणीही होते, आणि घाईत भलतीकडे सही झाली तर निस्तरणं फार जड जातं.

आता तुमचं. प्रेसिडेंटपुरतं ग्रुपचं म्हणणं बरोबर आहे, 1988 नंतर हे राज्य रिपब्लिकनांकडे गेलेलं नाही. पण गव्हर्नर? 2009 आणि 2013 ला ख्रिस क्रिस्टी निवडून आले, ते रिपब्लिकन. आणि 2021 ला तर राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी, एवढा वजनदार माणूस, एडवर्ड ड्यूर नावाच्या ट्रक ड्रायव्हरकडून हरला, फरक साधारण 2 हजार मतांचा. व्हर्जिनियात 2017 ला राज्याच्या सभागृहाच्या एका जागेवर दोघांना सारखीच मतं पडली, 11,608 प्रत्येकी, शेवटी भांड्यातून चिठ्ठी काढून विजेता ठरवला आणि त्या एका चिठ्ठीवर सभागृहातलं बहुमत ठरलं. एक माणूस जरी घरी बसला नसता तर!

न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक प्रेसिडेंटच्या पुढच्या वर्षी येते, म्हणजे नेमकी लोक दमलेले असतात तेव्हा. पण प्रॉपर्टी टॅक्सवरून आपण सगळे जे कुरकुरतो ना, त्याचा सगळ्यात मोठा वाटा सहसा शाळांकडे जातो आणि शाळेचं बजेट आपणच निवडून दिलेलं स्कूल बोर्ड ठरवतं, व्हाइट हाउस नाही. बोर्डाच्या मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, बोलूही शकतं. मुलांच्या शाळेबद्दल आपण घरी तासभर बोलतो आणि बोर्डावर कोण आहे ते विचारलं तर एकही नाव येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि जूनमधली प्रायमरी सोडू नका, प्लीज. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो, इथे ते मतदार देतात, आणि जिथे एकच पक्ष जिंकणार हे माहीत असतं तिथे खरा निकाल प्रायमरीतच लागतो. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं काउंटीतले पक्षाचे पुढारी आपल्या लाडक्या उमेदवारांना मतपत्रिकेवर एका ओळीत ठळक जागा द्यायचे, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. या पद्धतीला 'लाइन' म्हणायचे. तेव्हा सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅट अँडी किम यांनी त्याविरुद्ध दावा लावला, 2024 ला कोर्टाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती थांबवली आणि 2025 ला कायदा करून ती लाइनच काढून टाकली. आता नावं पदानुसार एकत्र छापतात, त्यामुळे वाचून मत देण्याला पहिल्यापेक्षा जास्त अर्थ आलाय. तुम्ही कुठल्याच पक्षात नोंदलेल्या नसाल तर त्या दिवशी बूथवर पक्ष सांगून मत देता येतं, आधीच एका पक्षात असाल आणि बदलायचा असेल तर मात्र 55 दिवस आधी कळवावं लागतं.

निवडणुकीआधी सँपल बॅलट, म्हणजे मतपत्रिकेचा नमुना, घरी येतं, ते जंक मेलबरोबर फेकू नका, त्यातली स्थानिक नावं एका संध्याकाळी बसून शोधा. नोंदणी राहिली असेल तर 21 दिवस आधीपर्यंत करता येते, आणि कामामुळे बूथवर जाणं जमणार नसेल तर टपालाने मत द्यायला काही कारणही द्यावं लागत नाही.