लग्न झालेलं नाही म्हणून मारहाणीची तक्रार घेत नाहीत, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्यात तीन वर्षं एकत्र राहिलात, तो मारायचा, आता परभणीला आईकडं आला आहात. पोलीस ठाण्यात सांगितलं, "लग्नच नाही तर कौटुंबिक हिंसाचार कसला? आणि करायचंच असेल तर पुण्याला जा." दोन्ही गोष्टी चूक आहेत.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा फक्त लग्नाच्या बायकोसाठी नाही, त्यात "विवाहसदृश संबंध" हे शब्द स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये वेलुसामी प्रकरणात त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं लग्नाच्या वयाचे, लग्न करायला मोकळे, बराच काळ एका छपराखाली, आणि लोकांसमोर नवराबायकोसारखे. आठवड्यातून एकदा भेटणं यात बसत नाही, तुमची तीन वर्षं बसू शकतात. आणि कलम 27 प्रमाणे तुम्ही सध्या जिथं राहता, तात्पुरत्या का असेना, तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढं अर्ज चालतो. म्हणजे परभणीतच.

"एकत्र राहत होतो" हे दाखवायला भाडेकरार, गॅसचं पुस्तक, एकाच पत्त्यावर आलेली पार्सलं, काहीही चालतं. माझ्या एका अशिलाकडं यातलं काहीच नव्हतं. निघाली ती किराणा दुकानाची उधारीची वही. तेलाचे डाग पडलेल्या पानावर वर त्याचं नाव, आणि दुकानदारानं प्रत्येक नोंदीसमोर लिहिलेलं, "मालकीण घेऊन गेल्या." न्यायाधीश साहेबांनी ते पान दोनदा उलटून पाहिलं.

आता ठाण्याचं. साधी मारहाण (भारतीय न्याय संहिता, कलम 115) अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून हातात एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) पावती देऊन वाटेला लावतात. ती फेकू नका, तारखेसकट तो पुरावाच आहे. हाड मोडलं, दात पडला किंवा हत्यार वापरलं तर गुन्हा दखलपात्र होतो. म्हणून वळ दिसत असतानाच सरकारी दवाखान्यात जा आणि कोणी मारलं ते डॉक्टरला लिहायला लावा. "पाय घसरून पडले" सांगून आलेल्या बायकांचे कागद आम्हाला नंतर फार रडवतात. बळजबरीनं संबंध ठेवले असतील तर तेही सांगा. बलात्काराच्या गुन्ह्यात नवऱ्याला कायद्यानं दिलेली सूट त्याला नाही, कारण तो नवरा नाही. उलट छळाचं कलम 85 (जुनं 498अ) नवरा आणि सासरच्यांसाठी आहे, त्याच्या मागं लागून वेळ घालवू नका.

माझ्या मते तुमचं खरं हत्यार आहे 2005 च्या कायद्याखालचा संरक्षण आदेश. आज त्यानं थापड मारली तर एनसी. मॅजिस्ट्रेटनं "हिच्याजवळ जायचं नाही, फोन करायचा नाही" असा आदेश दिल्यावर त्यानं नुसता फोन केला तरी तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फरक केवढा, बघा. कायदा म्हणतो अर्ज 60 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. आमच्याकडं तसं होताना मी क्वचितच पाहिलंय, म्हणून मूळ अर्जासोबतच कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा, तो गरज पडल्यास त्याला न ऐकताही देता येतो. खर्चाचे पैसे, दवाखान्याचं बिल, नुकसानभरपाई त्याच अर्जात.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून करा. ते घटनेचा अहवाल लिहून घेतात आणि कोर्टाला पाठवतात. तुमच्याकडं ते कुठं बसतात हे 181 या महिला हेल्पलाइनवर विचारा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अर्जात "नेहमी मारायचा" असं लिहू नका. "दिवाळीच्या आदल्या रात्री, स्वयंपाकघरात, चार्जरच्या वायरनं" असं लिहा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: त्याचं आधी लग्न झालंय का, आणि ते तुम्हाला माहीत होतं का? 2013 मध्ये इंद्रा सरमा प्रकरणात बाईला ते माहीत होतं म्हणून न्यायालयानं त्या संबंधाला विवाहसदृश मानलं नाही. तसं असेल तर मारहाणीची कलमं राहतात, पण वर सांगितलेला संरक्षण आदेशाचा रस्ता अवघड होतो. वकिलाकडं पहिल्याच भेटीत हे सांगा, आईसमोर नको वाटलं तर तिला बाहेर बसवून.