केमो चालू असताना धावावं का?

तुम्ही लिहिलंय की दुसरी केमो झाली, आधी रोज ५ किलोमीटर धावत होतात आणि आता घरचे अंगणातसुद्धा फिरू देत नाहीत. मी परभणीचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि त्यानंतर ८ केमो, असा माझा अनुभव आहे. त्या महिन्यांत धावणं थोडंच झालं, चालणं मात्र पुष्कळ.

पहिल्यांदा डॉक्टरांना विचारा, पण मोघम विचारू नका. 'व्यायाम करू का?' म्हटलं की 'झेपेल तेवढा करा' एवढंच उत्तर मिळतं. आजार हाडात गेलाय का, औषधाचा हृदयावर परिणाम होतो का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती आहेत, हे विचारा. हाडात गाठ असेल तर धावण्याच्या दणक्यानं हाड मोडू शकतं. प्लेटलेट कमी असताना पडलात तर रक्त लवकर थांबत नाही. आणि ताप आला तर धावणं राहू द्या, तडक दवाखाना गाठा.

मी दर ३ आठवड्यांनी छत्रपती संभाजीनगरला सलाईन घ्यायला जायचो, मग १४ दिवस केमोच्याच गोळ्या. पहिले चार-पाच दिवस अंगात त्राण नसायचं. सलाईनमधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे गार वस्तूला हात लागला की मुंग्या यायच्या, गार हवेत घसा आवळल्यासारखा व्हायचा. आमच्याकडची डिसेंबरातली पहाट म्हणजे हाडं गोठवणारी. म्हणून कृषी विद्यापीठातली पहाटेची फेरी सोडली आणि ऊन वर आल्यावर ९ वाजता जाऊ लागलो. गोळ्यांनी तळपाय लाल होऊन सोलायचे, तेव्हा धावणं बंदच. सैल बूट, मऊ मोजे आणि घरातल्या घरात फेऱ्या. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या थांबून पाय निवले की २ मिनिटं धावायचं, ३ मिनिटं चालायचं, असं वीसेक मिनिटं. तेही सोबतच्या माणसाशी बोलता येईल इतक्याच वेगानं.

केमोचा थकवा नुसतं पडून राहिल्यानं जात नाही, हे मला उशिरा कळलं. पहिल्या दोन डोसांच्या वेळी मी दिवसभर खाटेवर होतो आणि जास्तच गळून गेलो होतो. रोज थोडं चालायला लागल्यावर झोप लागू लागली, भाकरी जाऊ लागली.

२०२५ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची केमो संपल्यावर एका गटाला ३ वर्षं देखरेखीखाली व्यायाम दिला, दुसऱ्याला फक्त माहितीपुस्तिका. ८ वर्षांनी पहिल्या गटातले सुमारे ९० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ८३. बहुतेकांना झपझप चालणंही पुरेसं होतं. हा आकडा केमोनंतरच्या व्यायामाचा आहे आणि आतड्याच्या कॅन्सरचा आहे. दुसऱ्या कॅन्सरला तो जसाच्या तसा लावू नका.

आता घरच्यांचं. त्यांचा जीव तुटतो म्हणून ते अडवतात, त्यांच्याशी भांडू नका. माझी आई म्हणायची, "आजारी माणसानं अंग टाकून पडावं." मी बायकोला ओपीडीत सोबत नेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून ती पाण्याची बाटली घेऊन माझ्यासोबत चालू लागली. आईनंही मग अडवलं नाही.

तुमचं औषध कोणतं आहे ते लिहा. तळपायाचा किंवा मुंग्यांचा त्रास असेल तर मी काय काय केलं ते सविस्तर सांगतो.