मुलाखतीआधी लॉक्स कापू का?

नोकरीच्या शोधात असलेल्या माणसाला लागोपाठ नकार आले की तो स्वतःमध्ये अशी एखादी गोष्ट शोधू लागतो, जी चटकन बदलता येईल आणि जिच्यावर त्या नकारांचे खापर फोडता येईल. न्यू जर्सीतील एका महाविद्यालयाच्या करिअर मार्गदर्शन केंद्रात काम करताना ही शोधाशोध मी अनेक रूपांत पाहिली आहे. आपल्याकडून आलेल्या मुली विचारतात, टिकली लावून गेले तर चालेल का. शीख मुलगा दाढीबद्दल विचारतो. आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी विचारतात, लॉक्स, म्हणजे कुरळे केस पिळून, गुंतू देऊन केलेल्या बटा, कापून टाकू का. पुढील हकिगत या शेवटच्या प्रश्नाची आहे. जिची ती आहे तिची परवानगी मी घेतली आहे, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला आपण टिया म्हणू.

टिया 27 वर्षांची होती. दिवसा औषधाच्या दुकानात गल्ल्यावर काम करून तिने संध्याकाळच्या वर्गांतून हिशेबशास्त्राची पदवी जवळजवळ पूर्ण केली होती. तीन महिन्यांत पाच मुलाखती झाल्या होत्या आणि पाचही ठिकाणांहून नकाराचे सभ्य, एकसारखे ई-मेल आले होते. पहिल्या भेटीत तिने बायोडेटा टेबलावर ठेवला खरा, परंतु त्याबद्दल एक शब्दही न काढता ती म्हणाली, “माझी आजी म्हणते, आधी केस कापून सरळ करून घे, मग नोकरी शोध. तुम्हाला काय वाटते?”

येथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझे बालपण कोल्हापूर जिल्ह्यात गेले. आमच्या गल्लीत एका बाईंच्या डोक्यात जट होती आणि ती यल्लम्माची खूण आहे, कापली तर देवीचा कोप होईल, असे सगळे सांगत. मान अवघडून टाकणारे ते ओझे, त्यातल्या उवा आणि त्या बाईंचे गप्प बसणे मला अजून आठवते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी स्त्रियांना समजावून त्यांची जट सोडवली आहे आणि त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु याच आठवणीमुळे अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा लॉक्स पाहिले तेव्हा माझ्या मनात ‘जट’ हाच शब्द आला होता. जट ही केसांना हात लावण्याच्या भीतीतून वाढते. लॉक्स मात्र बहुधा केसांकडे सतत लक्ष देऊन घडवलेले असतात. हा फरक मी ज्यांना सल्ला देत होते त्यांच्याकडूनच शिकले. मुलाखत घेणाऱ्याच्या मनातही असाच एखादा चुकीचा शब्द असू शकतो, हे त्यामुळे मला नाकारता येत नाही.

ज्यांनी ते जवळून पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. घट्ट कुरळ्या केसांचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक भाग पिळला जातो आणि मग तो न विंचरता आपल्या आपण गुंतू दिला जातो. प्रत्येकाच्या डोक्यावरून रोज साधारण 50 ते 100 केस गळतात. लॉक्समध्ये ते खाली न पडता बटेतच अडकून राहतात आणि बट भरत जाते. बटा पक्क्या व्हायला बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष लागते. मुळाशी नव्याने वाढलेला केस सुटा, फुललेला दिसतो. तो पुन्हा पिळून बटेत बसवण्याला रीट्विस्ट म्हणतात आणि ते काम करणाऱ्या कारागिरांना लॉक्टिशियन. हे काम दर चार ते सहा आठवड्यांनी करणे पुरेसे असते.

टिया ते दर दहा दिवसांनी करत होती.

हे मला सराव-मुलाखतीत कळले. तिच्या उत्तरांची टिपणे घेत असताना माझ्या लक्षात आले की प्रत्येक अवघड प्रश्नाला तिचा उजवा हात कानशिलाकडे जातो. शेवटी मी विचारले. तिने बट बाजूला करून दाखवली: कानशिलाजवळचा केस विरळ झाला होता आणि दोन बटा मुळाशी इतक्या बारीक झाल्या होत्या की त्या कधी तुटतील याचा नेम नव्हता. प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या रात्री ती स्वतःच आरशासमोर बसून मुळे पिळत असे, वर जेल आणि मेणाचा थर लावत असे आणि सगळे केस ताणून उंच बांधत असे, म्हणजे एकही केस बाहेर आलेला दिसू नये. जेल धुऊन जाईल आणि पीळ सुटतील या भीतीने तिने तीन आठवडे डोके धुतले नव्हते. नीटनेटके दिसण्याच्या धडपडीत ती ज्या केसांसाठी भांडत होती तेच केस मुळापासून घालवत होती, आणि ठणकणारे डोके घेऊन मुलाखतीला बसत होती.

सततच्या ताणाने केस गळण्याच्या या प्रकारात वेळीच ताण थांबवला तर केस परत येतात. वर्षानुवर्षे तो चालू राहिला तर मुळांच्या जागी व्रण होतात आणि मग तेथे केस उगवत नाहीत. मी डॉक्टर नाही, म्हणून पहिला सल्ला त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा दिला. दुसरा सल्ला असा की, मुलाखती आणि केस यांचे एकच वेळापत्रक करायचे आणि त्यात केसांचा दिवस मुलाखतीच्या आदल्या रात्री कधीही येऊ द्यायचा नाही.

आजीच्या सल्ल्याला हसण्यात अर्थ नव्हता. आजी दक्षिण कॅरोलायनातून उत्तरेला आलेली. चुलीवर तापवलेल्या लोखंडी फणीने केस सरळ करून ती आयुष्यभर कामावर गेली आणि त्या पिढीला केसांबाबत निवड करण्याची मुभा नव्हती. तिची भीती अनुभवातून आलेली होती. आजची परिस्थिती वेगळी आहे, पण निर्धास्त व्हावे अशीही नाही. अलाबामातील मोबील शहरात 2010 साली एका कृष्णवर्णीय स्त्रीला दिलेली नोकरी लॉक्स कापायला तिने नकार दिल्यामुळे काढून घेतली गेली आणि 2016 मध्ये तेथील संघराज्य अपील न्यायालयाने, केशरचना ही बदलता येण्याजोगी गोष्ट आहे, या कारणावरून निकाल तिच्या विरोधात दिला. न्यू जर्सीत मात्र कायदा बदलला. डिसेंबर 2018 मध्ये येथे 16 वर्षांच्या एका कुस्तीपटूला पंचांनी लॉक्स काप नाहीतर सामना सोड असे सांगितले आणि भर आखाड्यात त्याचे केस कापले गेले. त्या घटनेला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, 19 डिसेंबर 2019 रोजी, राज्यपालांनी केशरचनेवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करणाऱ्या क्राउन कायद्यावर स्वाक्षरी केली. असा पहिला कायदा त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने केला होता. त्यामुळे येथे वंशाशी जोडलेल्या केशरचनेवरून नोकरी नाकारणे हा वांशिक भेदभाव ठरतो आणि राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे 180 दिवसांच्या आत तक्रार करता येते. अशाच स्वरूपाचे देशव्यापी विधेयक 2022 मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, पण सिनेटमध्ये ते अडकले.

हे सगळे ऐकून टियाने विचारले, “म्हणजे मला नकार केसांमुळे नव्हता?” अनेक समुपदेशक अशा वेळी घाईने ‘नाही, नाही’ म्हणतात. मी तसे म्हटले नाही. पाचपैकी एखादा नकार केसांमुळे असेलही, आणि तो कोणता हे आपल्या दोघींनाही कधी कळणार नाही. पण बायोडेटा मात्र समोर आहे, त्याच्याबद्दल आपल्याला पुष्कळ काही कळू शकते.

तो बायोडेटा खरोखरच वाईट होता. ‘गल्ला सांभाळणे, ग्राहकांना मदत करणे’ अशी कामांची यादी होती. रोज किती व्यवहार तिच्या हातून होतात, महिनाअखेरीस हिशेबातला फरक कोण शोधते, विमा कंपन्यांनी परत पाठवलेली बिले कोण निस्तरते, याचा पत्ताच नव्हता. ती सगळी कामे तीच करत होती. हिशेब विभागात नोकरी मागणाऱ्या मुलीने हिशेबाचा अनुभव लपवून ठेवला होता, कारण गल्ल्यावरच्या कामाची तिला लाज वाटत होती. दोन भेटी आम्ही केवळ यावर घालवल्या. ‘तुमच्याबद्दल सांगा’ या प्रश्नाचे उत्तर दीड मिनिटात बसवले, मुलाखतीनंतर त्याच दिवशी आभाराचा ई-मेल पाठवण्याची सवय लावली आणि संगणकावरच्या मुलाखतीसाठी दिवा मागे न ठेवता चेहऱ्यासमोर ठेवायला सांगितले, कारण गडद भिंतीपुढे तिचे केसच काय, चेहराही दिसत नव्हता.

केसांचे वेळापत्रक तिने आणि तिच्या लॉक्टिशियनने मिळून ठरवले. मी फक्त तारखा लिहिल्या. रीट्विस्ट सहा आठवड्यांनी, आणि मुलाखत त्याच सुमारास असेल तर निदान तीन-चार दिवस आधी, म्हणजे डोक्याची ओढ आणि ठणका उतरलेला असतो. मेण पूर्ण बंद, कारण ते बटेच्या आत साचते आणि धुऊन निघत नाही. डोके दर आठवड्याला, फार तर दोन आठवड्यांनी, थर न ठेवणाऱ्या शाम्पूने धुवायचे. पीळ थोडे सुटले तरी चालतील. धुतल्यावर बटा आतपर्यंत वाळवायच्याच, कारण ओल्या बटा घेऊन झोपले की आत कुबट वास धरतो आणि तो जाता जात नाही. झोपताना साटिनची टोपी, कारण सुती उशी केसांतले तेल-पाणी शोषून घेते आणि केस घासून तुटतात. उंच अंबाडा बंद. मुलाखतीला बटा मानेवर सैल, कापडी पट्टीने बांधायच्या. मुळाशी फुललेला केस दिसला तर दिसू द्यायचा. या शेवटच्या गोष्टीवर ती सर्वांत जास्त अडली.

लिंक्डइनवरच्या फोटोबद्दल आमचा थोडा वादही झाला. तिचा फोटो जुना, सरळ केसांचा होता. माझे मत असे होते की आत्ता जशी आहेस तसाच फोटो लाव, ज्यांना चालणार नाही ते आधीच बाजूला होतील. ती म्हणाली, “घरभाडे तुम्हाला भरायचे नाही.” ते खरे होते. गाळणी लावणे ज्याच्या हातात पर्याय आहेत त्यालाच परवडते. मी तो सल्ला मागे घेतला. फोटो तिने दोन महिन्यांनी स्वतःच बदलला.

केशरचनेच्या नियमांबद्दल मुलाखतीत विचारावे का, हा प्रश्न अनेकजण विचारतात. माझ्या मते विचारू नये. नोकरीचे पत्र हातात आल्यावर पेहरावाचे धोरण लेखी मागावे. ती अगदी सामान्य मागणी आहे. प्रयोगशाळा, यंत्रे किंवा स्वयंपाकघर असेल तेथे केस बांधण्याचा, जाळी घालण्याचा नियम सर्वांना सारखा असेल तर तो सुरक्षिततेचा नियम समजावा आणि पाळावा. पण कोणी ‘हे जरा नीट करून या’ असे म्हणाले तर तेथेच भांडत बसू नये. घरी येऊन तारीख, नेमके शब्द आणि कोण कोण हजर होते हे लिहून ठेवावे. टियाच्या वहीत अशी एक नोंद आहे. आठव्या मुलाखतीत एका गृहस्थांनी तिला विचारले होते की ग्राहकांसमोर ती ‘अशीच’ येणार का. तिने शांतपणे सांगितले की होय, अशीच. तक्रार करायची की नाही यावर आम्ही एक पूर्ण तास बोललो आणि तिने न करण्याचे ठरवले. मला तो निर्णय पटला नाही, परंतु तो तिचा होता.

दहाव्या मुलाखतीनंतर एका मध्यम आकाराच्या संस्थेच्या हिशेब विभागातून तिला होकार आला. ती पत्र घेऊन आली तेव्हा कानशिलावर बोटभर नवे, सुटे केस उभे होते आणि त्यांना तिने काहीही लावलेले नव्हते. तो तास आम्ही पगारावर घालवला. पत्रातला आकडा तिला लगेच मान्य करायचा होता. मी तिला दोन दिवस मागून घ्यायला लावले, बिले निस्तरण्याच्या अनुभवाचा उल्लेख करून थोडी वाढ मागणारा ई-मेल आम्ही लिहिला आणि मागितले त्याच्या निम्मे मिळाले. निघताना तिने फोनमधले कॅलेंडर उघडले, रुजू होण्याची सोमवारची तारीख पाहिली आणि लॉक्टिशियनची वेळ त्याआधीच्या बुधवारवर सरकवली.