फ्रेंच शब्द कुठे तोडायचा आणि त्यावरून उच्चार कसा ओळखायचा?

फ्रेंच शब्दाचे सिलॅबल (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) कसे पाडायचे आणि त्यावरून उच्चार कसा ओळखायचा, असं तुम्ही विचारलंय. मी फ्रेंच शिकवते, आणि माझ्या मते उच्चारांच्या याद्या पाठ करण्याआधी हेच शिकावं.

दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या सिलॅबलकडे जातं. दोन व्यंजनं असली तर एक मागे, एक पुढे. क्र, द्र, ब्ल अशा जोड्या मात्र फुटत नाहीत.

आता वारांची नावं घ्या. बुधवार म्हणजे मेर-क्र-दी (mercredi). लिहिताना पहिल्या दोन्ही सिलॅबलमध्ये ‘ई’ (रोमन e) हेच अक्षर आहे. पहिल्या ई-पाठोपाठ त्याच सिलॅबलमध्ये आर येतो, म्हणून तिथे मोकळा, तोंड जरा उघडून म्हटलेला ‘ए’. दुसरा ई सिलॅबलच्या टोकाला आहे, म्हणून पुसट ‘अ’, ओठ किंचित गोल. शुक्रवार म्हणजे व्हाँ-द्र-दी (vendredi). इथे पहिल्या ई-नंतर एन आहे. तो वेगळा ऐकू येत नाही, स्वरच नाकातून निघतो. शनिवारी, म्हणजे साम-दीत (samedi), मधला ई गळूनच जातो. आपण सोमवार लिहितो आणि सोम्-वार म्हणतो, तसंच. मग बुधवारचा का टिकतो? तो गेला तर र, क, र, द अशी चार व्यंजनं एका रांगेत येतील.

नाकातल्या स्वरांचं कोडंही इथेच सुटतं. शेजारी म्हणजे व्वा-झँ (voisin), शेजारीण म्हणजे व्वा-झीन (voisine). स्त्रीलिंगी रूपाला शेवटी ई लागतो, त्यामुळे एन दोन स्वरांमध्ये येतो, पुढच्या सिलॅबलचा होतो आणि आधीचा स्वर साधा राहतो. तो शेवटचा ई ऐकू येत नाही, पण उच्चार त्यानेच बदललेला असतो. अपवाद आहेतच: दोन एन आले की एरवी आधीचा स्वर साधाच राहतो, पण कंटाळ्याला आँ-न्वी (ennui) म्हणतात, तिथे दोन एन असूनही स्वर नाकातच राहतो.

उच्चार देवनागरीत टिपून ठेवत असाल तर जपून. ‘मेर्क्रदी’ लिहिलंत की डोळा मे-र्क्र-दी तोडतो, आणि मोकळ्या ‘ए’चं कारणच दिसेनासं होतं. मधे आडव्या रेघा द्या.

बोलताना हा नियम शब्दाची हद्दही ओलांडतो. ‘इल आ’ (त्याच्याकडे आहे) ऐकू येतं ई-ला; ‘आव्हेक एल’ (तिच्यासोबत) होतं आ-व्हे-केल. वाचलेलं कळतं पण ऐकलेलं कळत नाही, अशी तक्रार बहुतेकदा इथूनच येते. म्हणून सुटे शब्द नकोत, सुरुवातीपासून छोटी वाक्यं तोडून मोठ्याने म्हणा.