प्रोटॉन गाठीपाशीच कसा थांबतो?

प्रश्न : खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये कर्करोगावर प्रोटॉन उपचार होतात. नेहमीच्या रेडिएशनहून त्यांत वेगळे काय?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नेहमीच्या रेडिएशनमधील क्ष-किरण शरीरातून आरपार जातात आणि वाटेत गाठीच्या अलीकडच्या व पलीकडच्या निरोगी पेशींनाही ऊर्जा देत जातात. प्रोटॉन हा विद्युतभारित कण असल्यामुळे तो जसजसा मंदावतो, तसतशी त्याची ऊर्जा अधिक खर्ची पडते आणि थांबण्याच्या अगदी आधी ती सर्वाधिक बाहेर पडते. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम ब्रॅग यांना विसाव्या शतकाच्या आरंभी अल्फा कणांमध्ये (हेलियमच्या अणुकेंद्रांमध्ये) हेच आढळले होते, म्हणून ऊर्जेच्या या अखेरच्या उसळीला ‘ब्रॅग शिखर’ असे नाव मिळाले. त्याचा उपचारासाठी उपयोग करावा, असे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवले. सुमारे २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात (शरीरातही जवळपास तितकाच) साधारण ३३ सेंटिमीटर, तर ७० दशलक्षांचा जेमतेम ४ सेंटिमीटर जातो. म्हणजे ऊर्जा बदलली की थांबा बदलतो आणि तो गाठीपाशी आणता येतो. लहान मुलांना आणि मेंदूच्या वा मणक्यालगतच्या काही गाठींत याचा विशेष लाभ होतो. मात्र प्रत्येक कर्करोगाला त्याची गरज नसते (यंत्र महाग म्हणजे उपचार सरस, हा समज बाजूला ठेवावा), आणि श्वासाबरोबर हलणाऱ्या फुप्फुसासारख्या अवयवात नेमका थांबा गाठणे अवघडच असते.