पद्मिनीचे ड्रम ब्रेक उघडताना

गोव्यात पावसाळाभर उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे ब्रेक जाम झाले, तर लायनरवर (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या थरावर) खर्च करण्याआधी व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने शू ड्रमवर ढकलणारा चाकातला सिलिंडर, बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि सिलिंडर आतून गंजतो. रबरी बूट उचलल्यावर आत तेल दिसलं तर कप, म्हणजे पिस्टनवरचे रबरी सील, गेले समजा. बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकातून, नख फिरवा. गंजाच्या खड्ड्यात अडकलं तर घासत बसू नका, सिलिंडरच बदला, कारण त्या खड्ड्यांवर नवे कपही टिकत नाहीत. कप ताज्या ब्रेक ऑइलमध्येच भिजवून बसवा. पेट्रोल किंवा साधं ग्रीस लागलं की रबर फुगतं, पिस्टन मागे येत नाही आणि चाक तापतं.

ड्रम निघत नसेल तर आधी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) सैल करा, हातोडा नंतर. आतली धूळ कॉम्प्रेसरने मुळीच उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. एकाच चाकाचे शू तेलकट झाले तरी दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक मारताच गाडी ओढते. स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या याचे फोटो हवेतच.

शू अ‍ॅडजस्ट केल्यावरच ब्रेकच्या तेलातली हवा काढा, मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून.