‘रुळली’ असं लिहू नकोस

बेटा,

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज वाचला. मेळघाटात धारणीकडची नऊ वर्षांची कोरकू आदिवासी मुलगी, आईवडील दोघंही गेलेले, शहरातलं एक भलं जोडपं प्रतिपालक व्हायला, म्हणजे दत्तक न घेता तिला घरी सांभाळायला तयार, त्यांना तिचं नाव बदलायचंय आणि मुलगी आठ दिवस तोंड उघडत नाही. ‘सर, रुळेल ना ती?’ असं विचारतेस. ती घरी कुठल्या भाषेत बोलायची आणि बालगृहात आल्यापासून त्या भाषेत तिच्याशी कोण बोललं, ते आधी सांग. एवढ्या लांब मेसेजात ते कुठेच नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या बालगृहात मेळघाटातला सहा वर्षांचा मुलगा आला. एकदा तापात रात्रभर ‘डा, डा’ करत होता. काळजीवाहक ताईंना वाटलं, तापात बरळतोय. त्या बिचाऱ्या कपाळावर पट्ट्या बदलत राहिल्या. कोरकूत डा म्हणजे पाणी. तांब्या त्याच्या उशाशीच होता. हे मला तीन वर्षांनी कळलं. तोवर मी फाइलीत लिहून मोकळा झालो होतो, ‘बालक संस्थेत रुळले आहे.’ त्यानं मागणं सोडलं होतं, एवढंच.

पुढे त्याची आजी एसटीनं भेटायला आली. त्याची कोरकू गेलेली, तिला मराठी येईना. दोघं अर्धा तास ओट्यावर नुसती बसून होती. आजीकडे मूल देऊ नये हा शेराही माझाच. घर कुडाचं, उत्पन्न अनियमित. तेव्हा साठ मुलांमागे मी एकटा होतो, मुलगा कुपोषित होता, दवाखाना जवळ हवा होता. त्याला इथे आणलं यात चूक झाली असं मी आजही मानत नाही. पण कुडाच्या घरात मूल वाढवता येत नाही, हे मी कुठल्या अधिकारानं ठरवलं?

2015 च्या बाल न्याय अधिनियमात संस्था हा शेवटचा उपाय म्हटलाय. मूल परत जाताना, त्याच्या हिताचं असेल तर, पूर्वीच्याच सामाजिक-आर्थिक आणि सांस्कृतिक परिस्थितीत जावं, हेही त्यातच आहे. तू हे परीक्षेला पाठ केलं असशील. मग मुलीची भाषा का नाही विचारलीस?

नाव तर अजिबात बदलू देऊ नकोस. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नाव-आडनाव फिरलं, जातीचा रकाना कोरा राहिला, तर अठराव्या वर्षी जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी ती कुणाच्या दारात उभी राहणार? जोडपं भलं आहे ना, मग तिच्या नावानं हाक मारतील.

आणि ती मावशी. ‘चिखलदऱ्याकडे मावशी आहे, पण परिस्थिती हलाखीची’ एवढ्यावर सोडलीस तिला. अगं, मूल घरातच वाढावं म्हणून सांभाळणाऱ्याला सरकारी मदत देणारी बालसंगोपन योजना कशासाठी आहे? महिन्याला 2250 रुपये, फार नाहीत. पण शहरातल्या जोडप्याचे कागद तू दोन दिवसांत जुळवलेस, मावशीच्या घरी अजून गेलीही नाहीस. तिच्याकडेच पाठव असं म्हणत नाही. घर सुरक्षित नसेल तर नकोच. पण बघून ये.

मुलीचं कुठे राहणं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीची तारीख सोमवारची आहे. त्याआधी कोरकू बोलणारी एखादी आशाताई, आश्रमशाळेतली स्वयंपाकीण, कुणीही गाठ. तिला मुलीजवळ बसव आणि तू खोलीबाहेर थांब. अहवाल त्यानंतर लिही. रात्री उशीर झाला तरी फोन कर, मी जागा आहे.